आपल्या पिंडाला मानवणारा मुख्य विषय कसा निवडावा

पदवीचा मुख्य विषय निवडायची वेळ येते तेव्हा बहुतेक विद्यार्थी विषयाच्या नावाला भुलतात. मानसशास्त्र म्हटले की समोरच्याचे मन हळुवारपणे उलगडणारी व्यक्ती डोळ्यांपुढे येते, वास्तुकला म्हटले की उभी राहिलेली देखणी इमारत दिसते, संगणकशास्त्र म्हटले की हजारो लोकांच्या हातात पोहोचलेले ॲप दिसते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची रोज गाठ पडते ती मात्र संख्याशास्त्राशी, वास्तुकलेच्या विद्यार्थ्याची चौथ्यांदा बदलाव्या लागणाऱ्या आराखड्याशी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याची सिद्धतांशी. म्हणून विषय निवडताना त्या विषयाचे रोजचे काम काय आहे हे आधी पाहावे, आणि ते काम आपल्या क्षमतांना व स्वभावाला मानवते का, हे प्रवेशापूर्वी किंवा निदान विषय कायम करण्यापूर्वी प्रत्यक्ष करून तपासावे, असे माझे ठाम मत आहे. हे तपासायचे कसे, ते पुढे क्रमाने मांडले आहे.

या निर्णयाचे आकारमान एकदा आकड्यांत पाहिलेले बरे. युरोपातील श्रेयांक पद्धतीत एका वर्षाला ६० श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम गृहीत असते. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीसाठी ४५०० ते ५४०० तास द्यावे लागतात. इतके तास जे काम करायचे आहे, त्याची चव घेण्यासाठी पंधरा-वीस तास आधी खर्च करणे मुळीच जास्त नाही. तरीही ते क्वचितच कोणी खर्च करते, आणि या निवडीतील पुष्कळशा चुका तिथेच होतात.

निर्णय कधी करायचा, हे शिक्षणपद्धतीवर अवलंबून असते. इंग्लंडमध्ये विद्यापीठात अर्ज करतानाच विषय ठरवावा लागतो, तर अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मुभा असते. तुमच्याकडची मुदत शोधून काढा आणि तिच्या आधीचे निदान सहा आठवडे या कामासाठी राखून ठेवा. सोबत एक वेगळी वही घाला, कारण डोक्यातल्या डोक्यात केलेला विचार दर आठवड्याला रंग बदलतो आणि आपण आधी काय म्हणत होतो हेही आपल्याला आठवत नाही.

क्षमतांचे पुरावे गोळा करा

‘मी सर्जनशील आहे’, ‘माझे गणित चांगले आहे’ अशी विशेषणे वहीत लिहू नका. त्याऐवजी गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही केलेल्या कामांची यादी करा. प्रकल्प, प्रयोग, निबंध, वक्तृत्व, एखाद्या कार्यक्रमाची व्यवस्था, धाकट्या भावंडाला शिकवलेला धडा, स्वतःच दुरुस्त केलेले यंत्र, असे काहीही चालेल. प्रत्येक कामापुढे तुम्ही नेमके काय केले, त्याला किती वेळ लागला, कोणता भाग सहज झाला आणि कोणत्या भागाची टाळाटाळ केली, एवढे लिहा. अशा दहा-बारा नोंदी झाल्या की विशेषणांपेक्षा कितीतरी अधिक खरे चित्र उभे राहते.

गुण हा एक पुरावा आहे, पण तो एकटा पुरेसा नाही. उत्तम शिक्षक, तल्लख स्मरणशक्ती किंवा नुसता नेटका अभ्यास यांच्या बळावरही चांगले गुण मिळतात. खरी क्षमता ओळखायला गुणांपेक्षा तीन खुणा अधिक उपयोगी पडतात. पहिली म्हणजे इतरांच्या तुलनेत कमी श्रमांत ती गोष्ट आत्मसात होते. दुसरी, त्या बाबतीत अडले की वर्गातील मुले आपणहून तुमच्याकडे येतात. तिसरी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते: त्या कामातील आपली चूक दुसऱ्याने दाखवण्याआधीच तुम्हाला खुपते. ज्याला वाक्य अडखळलेले कळते तो भाषेत पुढे जातो, ज्याला आकडा संशयास्पद वाटतो तो संख्यांच्या कामात पुढे जातो.

या खुणा कधी कधी अगदी अनपेक्षित जागी सापडतात. रसायनशास्त्रात उत्तम गुण असलेली एक विद्यार्थिनी तोच विषय पुढे घ्यावा का, हे विचारायला माझ्याकडे आली होती. तिची प्रयोगवही आम्ही शेजारी बसून चाळली. अनुमापनाच्या (टायट्रेशनच्या) प्रयोगात द्रावणाचा रंग कसा बदलला याबद्दल तिने जेमतेम दोन ओळी लिहिल्या होत्या, परंतु शेवटच्या पानावर पेन्सिलीने आखलेला एक तक्ता होता, जो कोणीही मागितलेला नव्हता. वर्गातील सगळ्या गटांची वाचने तिने एकत्र लिहून काढली होती आणि एकाच ब्युरेटची (द्रव मोजून सोडण्याच्या नळीची) वाचने दर वेळी ०.३ मिलिलीटरने जास्त येत असल्याचे शोधून त्याभोवती गोल केला होता. त्या तक्त्याबद्दल बोलताना तिचा आवाज बदलला. तिला पदार्थांपेक्षा नोंदींमधला दोष अधिक दिसत होता. पुढे तिने संख्याशास्त्र घेतले. तिच्या गुणपत्रिकेत जे दिसत नव्हते, ते त्या एका पानावर स्पष्ट दिसत होते.

कोणी न सांगता केलेले काम हा असाच मोठा पुरावा असतो. चार्ल्स डार्विन १८२५ मध्ये वैद्यकाच्या शिक्षणासाठी एडिंबरोला गेले. भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात शस्त्रक्रिया पाहणे त्यांना असह्य झाले आणि दोन वर्षांत त्यांनी ते शिक्षण सोडले. पुढे धर्मोपदेशक होण्याच्या उद्देशाने ते केंब्रिजला गेले, पण तिथे त्यांचा जीव रमला तो भुंगेरे गोळा करण्यात आणि वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्यासोबत भटकंती करण्यात. या छंदातून घडलेली निरीक्षणाची सवय आणि हेन्स्लो यांची शिफारस, यांमुळे १८३१ मध्ये त्यांना ‘बीगल’ जहाजावर जाता आले. रिकाम्या वेळात तुमचे हात कशाकडे वळतात, याला वहीत एक पूर्ण पान द्या. त्यात नुसते पाहणे, ऐकणे किंवा खेळणे धरू नका. ज्यात काही जमवले, रचले, दुरुस्त केले, लिहिले किंवा कोणाला समजावून दिले, तेवढेच धरा.

स्वभाव: चाचण्यांचा उपयोग आणि मर्यादा

स्वभाव आणि काम यांची सांगड घालण्याच्या पद्धतींत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांची मांडणी सर्वांत जास्त वापरली जाते. १९५९ पासून त्यांनी विकसित केलेल्या या मांडणीत आवडींचे सहा प्रकार आहेत: हातांनी आणि साधनांनी काम करण्याची ओढ, शोध घेण्याची ओढ, कलात्मक निर्मितीची, माणसांना मदत करण्याची, लोकांना पटवून त्यांचे नेतृत्व करण्याची आणि नियमबद्ध, काटेकोर नोंदींची. हे सहा प्रकार याच क्रमाने षट्कोनाच्या सहा कोपऱ्यांवर मांडलेले असतात. शेजारचे प्रकार एकमेकांना जवळचे आणि समोरासमोरचे सर्वांत दूरचे मानले जातात. कोणीही एकाच कोपऱ्यात पूर्णपणे बसत नाही, म्हणून पहिल्या तीन प्रकारांचा संच पाहतात. शोधक आणि हस्तकुशल या दोन्ही ओढी प्रबळ असतील तर भूशास्त्र किंवा अभियांत्रिकी ओळखीची वाटेल. शोधक आणि समाजाभिमुख असतील तर सार्वजनिक आरोग्य किंवा मानसशास्त्र. एखादी विश्वासार्ह कलचाचणी उपलब्ध असेल तर ती जरूर द्यावी. विषयांची यादी पन्नासांवरून आठ-दहांवर आणण्यासाठी तिचा चांगला उपयोग होतो.

परंतु चाचणीच्या निकालाला कौल मानू नका, आणि त्यामागे एक जुना धडा आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचे’ म्हणून एक वर्णन दिले. ते किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर कळले की सर्वांना एकच वर्णन दिलेले होते. ‘तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून कधी कधी अस्वस्थ असता’ अशी वाक्ये कोणालाही आपलीच वाटतात. माणसांची दोनच टोकांत विभागणी करून चार अक्षरांचा शिक्का मारणाऱ्या लोकप्रिय चाचण्यांबाबत तर अधिक सावध राहावे, कारण बहुतेक लोक कोणत्याही गुणाच्या बाबतीत मधल्या भागात असतात आणि थोड्याशा फरकाने या किंवा त्या गटात ढकलले जातात. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिल्यावर अनेकांचा गट बदलतो.

संशोधकांमध्ये अधिक मान्यता आहे ती पाच घटकांच्या प्रारूपाला: नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता. या पाचांपैकी अभ्यासातील यशाशी सर्वांत घट्ट नाते कर्तव्यदक्षतेचे दिसते, म्हणजे ठरवलेले काम ठरवलेल्या वेळी पुरे करण्याच्या सवयीचे. याचा व्यावहारिक अर्थ असा की आपली शिस्त कच्ची आहे हे प्रामाणिकपणे ठाऊक असेल, तर दर आठवड्याला गृहपाठ आणि प्रात्यक्षिक मागणारा अभ्यासक्रम सत्राच्या शेवटी एकच मोठा प्रबंध मागणाऱ्या अभ्यासक्रमापेक्षा अधिक सांभाळून घेतो. पहिला वरवर कठीण दिसतो, पण तोच तुम्हाला धरून ठेवतो.

चाचणीपेक्षाही उपयोगी पडतात ते कामाच्या पद्धतीविषयीचे साधे प्रश्न, आणि त्यांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहावीत. प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असले की बरे वाटते, की अनेक बाजू तोलण्यात मन रमते? केलेल्या कामाचा निकाल लगेच हवा असतो, की महिनोन्महिने थांबता येते? सलग चार तास एकट्याने बसल्यावर ताजेतवाने वाटते की कोमेजल्यासारखे होते? स्वतःच्या कामावर चारचौघांत टीका झाली तर ती ऐकून घेता येते का? हा शेवटचा प्रश्न वास्तुकला, ललित कला, रंगभूमी यांसारख्या विषयांत निर्णायक ठरतो, कारण तिथे प्रत्येक सत्रात काम भिंतीवर लावून सर्वांसमोर त्याची चिरफाड होते आणि अध्यापनाचा मोठा भाग त्यातूनच घडतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. स्वभावाचे कारण देऊन कोणताही विषय घाईने नाकारू नका. अबोल विद्यार्थ्याने कायदा घेऊ नये असा समज आहे, पण कायद्याच्या कामाचा बराच मोठा भाग न्यायनिर्णय वाचण्यात आणि नेमके लिहिण्यात जातो. माणसांत रमणाऱ्याने गणित घेऊ नये असेही म्हणतात, पण शिकवणे, सल्ला देणे, गटाने संशोधन करणे या सगळ्या वाटा गणितातूनही फुटतात. प्रत्येक विषयाच्या घरात अनेक खोल्या असतात. तुमच्या स्वभावाला जागा देणारी एखादी तरी खोली आहे का, एवढे पाहावे.

आवड शोधताना होणारी गफलत

‘आवडेल ते घे’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण अठराव्या वर्षी ज्या विषयांशी ओळखच झालेली नाही त्यांची आवड असणार तरी कशी? भाषाविज्ञान, मानववंशशास्त्र, सामग्री-अभियांत्रिकी (मटेरियल्स इंजिनिअरिंग) हे विषय शाळेत अनेकांच्या वाट्याला येतच नाहीत. २०१८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की आवड ही आधीपासून ठरलेली असते आणि ती फक्त सापडायची असते असे मानणाऱ्यांचा नव्या विषयातील रस, मजकूर कठीण होताच झपाट्याने ओसरतो. आवड घडत जाते असे मानणारे अधिक टिकून राहतात. त्यामुळे एखादा विषय पाहताना ‘हेच माझे प्रेम आहे का’ असे विचारण्याऐवजी ‘याविषयी आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो का’ असे विचारा. सुरुवातीला तेवढी ठिणगी पुरते.

दुसरी गफलत आस्वाद आणि अभ्यास यांची गल्लत करण्याची. कादंबऱ्या रात्ररात्र जागून वाचणाऱ्याला साहित्याचा अभ्यास आवडेलच असे नाही. तिथे एकच संहिता पाच वेळा वाचून तिच्या रचनेविषयी युक्तिवाद उभा करायचा असतो. त्याचप्रमाणे एखादा विषय आवडतो की तो शिकवणारे शिक्षक आवडतात, हेही वेगळे करून पाहा. त्याच विषयाचा एखादा धडा दुसऱ्या, रटाळ पुस्तकातून वाचून पाहावा. तरीही ओढ टिकली तर ती विषयाची आहे.

अभ्यासक्रम उघडून वाचा

संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत मोलाची पायरी हीच आहे, आणि तिला काहीच खर्च येत नाही. बहुतेक विद्यापीठे अभ्यासक्रम जाहीर करतात. मनात असलेल्या तीन-चार विषयांचे अभ्यासक्रम मिळवा आणि पहिल्या वर्षाकडे न पाहता थेट शेवटच्या दोन वर्षांचे सक्तीचे पेपर वाचा. पहिले वर्ष बहुधा प्रास्ताविक असते आणि ऐच्छिक विषयांची नावे मोहक असतात. विषयाचा खरा कणा मधल्या सक्तीच्या पेपरांत असतो.

असे वाचले की काही धक्के हमखास बसतात. मानसशास्त्राच्या पदवीत संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि मेंदूचे जीवशास्त्र यांचा मोठा वाटा असतो, आणि समुपदेशनाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी पदवीनंतरच मिळते. अर्थशास्त्र जसजसे वर चढते तसतसे ते कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आणि अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण) यांच्या भाषेत बोलू लागते. केवळ चालू घडामोडींच्या आवडीवर तिथे निभाव लागत नाही. संगणकशास्त्रात प्रोग्रॅम लिहिण्याइतकाच वेळ विविक्त गणित (सुट्या, एकेक मोजता येणाऱ्या घटकांचे गणित), अल्गोरिदमचे विश्लेषण आणि लिहिलेला प्रोग्रॅम का चालत नाही हे शोधण्यात जातो. जीवशास्त्रात एकच कृती पन्नास नमुन्यांवर तंतोतंत तशीच करावी लागते. इतिहासात सनावळ्यांपेक्षा परस्परविरोधी साधनांपैकी कोणावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न अधिक वेळ खातो. तत्त्वज्ञानात अनेक ठिकाणी तर्कशास्त्राचा एक पेपर चिन्हांच्या भाषेत सोडवावा लागतो, आणि गणित टळले म्हणून तिकडे वळलेले विद्यार्थी तिथे गोंधळतात.

आता प्रत्येक विषयाचा ‘कोरडा भाग’ वहीत लिहा. कोरडा भाग सगळ्याच विषयांना असतो: हिशेबतपासणीत नोंदी जुळवणे, पुरातत्त्वात खापरांचे तुकडे मोजून त्यांची वर्गवारी करणे, भाषांमध्ये रूपे आणि शब्द पाठ करणे, अभियांत्रिकीत एककांची काळजी घेत लांबलचक गणिते सोडवणे. माझा अनुभव असा आहे की विषयाच्या सुंदर भागावर सगळेच प्रेम करतात. ज्याला त्याचा कोरडा भागही सोसवतो, किंबहुना त्यात थोडी तंद्री लागते, तो त्या विषयात टिकतो. दोन विषयांत मन अडकले असेल तर त्यांचे कोरडे भाग शेजारी शेजारी लिहून पाहावेत. पुष्कळदा कौल तिथेच मिळतो.

शेवटच्या वर्षाची एक जुनी प्रश्नपत्रिकाही मिळवा. उत्तरे येण्याची अपेक्षा नाही. प्रत्येक प्रश्न वाचून त्यापुढे फक्त एक खूण करा: याचे उत्तर जाणून घ्यावेसे वाटते, वाटत नाही, किंवा प्रश्नच कळला नाही. तिसरी खूण जास्त असली तरी घाबरू नका, ती अपेक्षितच आहे. दुसरी खूण जास्त असेल तर थांबून विचार करावा, कारण प्रश्न कळूनही त्याचे उत्तर नको वाटणे ही गंभीर गोष्ट आहे.

दोन आठवड्यांची चाचणी

यादी दोन किंवा तीन विषयांवर आली की प्रत्येक विषय दोन आठवडे प्रत्यक्ष करून पाहा. त्या विषयाच्या पहिल्या वर्षाच्या प्रमाण पाठ्यपुस्तकातील सलग दोन प्रकरणे घ्या, रोज साधारण दीड तास बसा आणि प्रकरणाच्या शेवटचे प्रश्न उत्तरांकडे न पाहता सोडवा. व्हिडिओ व्याख्याने पाहून ही चाचणी होत नाही. चांगला वक्ता ऐकताना सगळेच समजल्यासारखे वाटते, पण कोऱ्या कागदासमोर बसल्यावर खरे काय ते कळते. लेखनप्रधान विषय असेल तर एका प्रश्नावर हजार शब्दांचा निबंध लिहून तो जाणकाराला दाखवा. दर दिवसाच्या शेवटी दोनच ओळी लिहा: आज कुठे अडलो, आणि अडल्यावर काय केले. अडल्यावर पुस्तक मिटले की दुसरी वाट शोधली, हा फरक दहा दिवसांच्या नोंदींत लपत नाही.

याच काळात त्या विषयाच्या शेवटच्या वर्षातील निदान दोन विद्यार्थ्यांशी आणि तो विषय शिकून काम करणाऱ्या एका व्यक्तीशी बोला. ‘हा विषय चांगला आहे का’ असे विचारले की गुळगुळीत उत्तर मिळते. ‘गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय केले’, ‘या सत्रात कोणत्या कामाचा सर्वांत जास्त कंटाळा आला’, ‘तुमच्या वर्गातून कोण सोडून गेले आणि का’ असे विचारा. भविष्यात आपल्याला काय आवडेल याचा अंदाज बांधण्यात माणसे कच्ची असतात, आणि तो अनुभव सध्या घेत असलेल्या व्यक्तीचे म्हणणे आपल्या कल्पनेपेक्षा बहुधा अधिक विश्वसनीय ठरते, असे मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून दिसले आहे. मात्र एकाच व्यक्तीच्या कडू किंवा गोड अनुभवावर विसंबू नका, म्हणून दोघे तरी हवेत. शक्य असेल तर मधल्या वर्षाच्या एखाद्या तासाला परवानगी घेऊन बसावे.

उपजीविका आणि खुल्या वाटा

चरितार्थाचा विचार करणे यात कमीपणा नाही, आणि तो शेवटी ढकलणेही बरोबर नाही. पहिला भेद परवान्याचा आहे. वैद्यक, कायदा, वास्तुकला, परिचर्या यांसारख्या व्यवसायांत ठरावीक शिक्षणाशिवाय कामच करता येत नाही. तिथे जायचे असेल तर नेमकी कोणती पदवी लागते आणि ती कोणत्या टप्प्यावर घ्यायची, हे आधी तपासावे, कारण काही देशांत कायदा आणि वैद्यक शाळेनंतर लगेच सुरू होतात तर काही ठिकाणी पदवीनंतर. पत्रकारिता, व्यवस्थापन, प्रकाशन, प्रशासन अशा क्षेत्रांत मात्र कोणत्याही विषयाचे लोक दिसतात. तिथे पदवीच्या नावापेक्षा हातातील काम आणि कौशल्य पाहिले जाते.

दुसरी बाब साखळीची. गणित, भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी यांत प्रत्येक पेपर आधीच्या पेपरावर उभा असतो आणि पहिल्या वर्षाची कडी चुकली तर पुढे वर्ष वाया जाऊ शकते. समाजशास्त्र किंवा साहित्यात ही साखळी सैल असते. त्यामुळे गणिताकडून समाजशास्त्राकडे वळणे उलट दिशेच्या मानाने बरेच सोपे जाते. दोन्हींकडे खरोखर सारखीच ओढ असेल आणि पद्धत मुभा देत असेल, तर साखळी असलेल्या विषयाचे पेपर पहिल्या वर्षी घेऊन ठेवा. दुसरा विषय उपविषय म्हणून जोडता येतो का, हेही विचारा. दोन पूर्ण मुख्य विषय एकदम घेण्याचा मोह मात्र जपून आवरावा. त्यात ऐच्छिक विषयांची जागा उरत नाही, आणि अनोळखी विषयांशी ओळख व्हायची ती नेमकी तिथेच.

घरच्यांचा आग्रह वेगळा असेल तर ‘मला आवडते’ एवढे म्हणून वाद घालू नका. ही वही त्यांच्यापुढे ठेवा. दोन आठवड्यांच्या नोंदी, सोडवलेले प्रश्न, ज्यांच्याशी बोललात त्यांची माहिती आणि पदवीनंतरच्या दोन ठोस वाटा त्यांना दाखवा. आई-वडिलांची काळजी बहुतेक वेळा खरी असते आणि पुराव्यासमोर ती मवाळ होते. त्यांनी मांडलेला एखादा अडथळा, विशेषतः खर्चाचा किंवा कर्जाचा, तुमच्या नजरेतून सुटलेला असू शकतो. तोही वहीत उतरवा.

निर्णय आणि त्यानंतर

प्रत्येक निकषाला गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत अनेक जण सुचवतात. माझ्या मते तिचा फारसा उपयोग नाही, कारण मनात आधीच ठरलेल्या विषयाला आपण नकळत जास्त गुण देतो आणि बेरजेला वस्तुनिष्ठ समजतो. त्याऐवजी आधी ज्यांच्यावर तडजोड शक्य नाही अशा दोन किंवा तीन अटी लिहा. त्या न पुरवणारे विषय बाजूला काढा. उरलेल्या प्रत्येक विषयासाठी ‘मी हा घेतला, त्याला दोन वर्षे झाली’ अशी कल्पना करून एका सामान्य दिवसाचे एक पान लिहा. ते लिहिताना कोणते पान तपशिलांनी भरते आणि कोणते ठोकळेबाज राहते, ते पाहा. निर्णयाची तारीख आधीच ठरवा आणि त्या दिवशी निर्णय घेऊन मोकळे व्हा.

हा निर्णय जन्मभराचा आहे, या कल्पनेचे ओझे घेऊ नका. जोर्दी क्वाडबाख, गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३ मध्ये १९,००० हून अधिक लोकांच्या माहितीवरून दाखवले की गेल्या दहा वर्षांत आपण किती बदललो हे लोक मान्य करतात, पण पुढल्या दहा वर्षांत होणारा बदल सर्वच वयांत कमी लेखतात. भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ वेंकटरमण रामकृष्णन यांनी भौतिकशास्त्रात पदवी आणि १९७६ मध्ये डॉक्टरेट मिळवली, त्यानंतर ते जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी म्हणून वर्गात बसले, आणि २००९ मध्ये पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेवरील कामासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०१७ मधील अहवालानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी तीन वर्षांच्या आत मुख्य विषय बदलतात, आणि गणितात हे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक आहे. विषय बदलावासा वाटणे हे अपयशाचे लक्षण नाही.

तरीही विषय कठीण असणे आणि विषय न मानवणे यांत फरक आहे, आणि तो ओळखण्यात घाई करू नये. पहिल्या सत्रात गुण घसरणे, शाळेत पहिला येणाऱ्याला वर्गात मधला क्रमांक मिळणे, हे धक्के जवळजवळ सर्वांना बसतात. परीक्षेच्या आठवड्यात किंवा एखाद्या वाईट निकालाच्या दुसऱ्या दिवशी निर्णय घेऊ नका. अभ्यास जमत असूनही त्याविषयी काहीच विचारावेसे वाटत नाही, इतर विषयांच्या पुस्तकांकडे हात आपोआप जातो, आणि ही स्थिती दोन सत्रे टिकते, तेव्हा ती गांभीर्याने घ्यावी. झोप, प्रकृती, एकटेपणा किंवा पैशाची ओढाताण यांमुळे सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल, तर विषय बदलून तो परत येत नाही. तेव्हा आधी समुपदेशकाला किंवा वैद्यकीय सल्लागाराला भेटावे.

बदलायचे ठरलेच तर आतापर्यंत गेलेल्या वर्षांकडे पाहून निर्णय अडवू नका, कारण ती कोणत्याही पर्यायात परत मिळणार नाहीत. पुढे किती सत्रे आणि किती खर्च लागेल, एवढेच मोजा. नव्या विभागात जाऊन पूर्ण केलेल्यांपैकी कोणते श्रेयांक मान्य होतील हे लेखी विचारून घ्या, साखळीतला पुढचा सक्तीचा पेपर कोणत्या सत्रात असतो ते पाहा, आणि नव्या विषयाचीही दोन आठवड्यांची चाचणी त्याच वहीत, पहिल्या विषयाच्या नोंदींशेजारी, पुन्हा करा.